एका कॉम्प्युटरातली दोन बिऱ्हाडं

खोली बघायला गेले त्या दिवशी मास्तरांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "पेनड्राइव्ह हाय का तुमच्याकडं?"

मला वाटलं, त्यांना हवा असेल. मी पर्समध्ये हात घातला, तसे ते चटकन मागं सरकले. जणू मी पर्समधून विंचूच काढणार होते.

"असू दे, असू दे. काढू नका. वर खोलीत काय करायचं ते करा. पण जिन्याच्या खाली ते आणायचं न्हाय. कबूल असंल तर चावी घ्या."

मी चावी घेतली. बार्शीहून नुकतीच सोलापूरला आले होते, एका लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी लागली होती आणि एकट्या मुलीला खोली देताना लोक नको नको ते विचारत होते. त्या मानानं हा प्रश्न सोपा होता.

भवानी पेठेतलं ते घर बैठं, वर पाठीमागून चढवलेली एकच खोली. खाली मास्तर आणि त्यांची बायको. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही म्हणायला लागले. घरात दोघं तेलुगू बोलायचे, माझ्याशी मराठी. शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग चालायचे. नव्या माणसाला त्या खडखडाटानं झोप येत नाही. मास्तरांचं उलटं होतं. खडखडाट थांबला की ते दचकायचे. माग थांबले म्हणजे वीज गेली, आणि वीज गेली म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर.

ते शाळेतले मास्तर नव्हते. चादरी आणि टॉवेलांवरची नक्षी काढणारे मास्तर. चादरीवर जो मोर असतो, कमळ असतं, वेलबुट्टी असते, ती आधी कुणीतरी चौकटी-चौकटीनं आखावी लागते, तेव्हा ती मागावर उठते. तरुणपणी त्यांनी हे काम आलेखाच्या कागदावर केलं, पुढं कॉम्प्युटरवर. बारीक अंगकाठी, गळ्यापर्यंत बटण लावलेला शर्ट, एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर. चालताना भिंतीच्या कडेकडेनं चालायचे. कुणी मागून हाक मारली की वळायच्या आधी "काय झालं?" म्हणायचे.

कशाचीही भीती वाटायची त्यांना. अनोळखी नंबरची, कुरिअरवाल्याची, गल्लीत थांबलेल्या चारचाकीची. रक्त तपासून घ्या म्हणून मी किती वेळा सांगितलं. "नको मॅडम. तपासलं की निघतंय. न तपासल्यावर गप बसतंय," म्हणायचे.

पण खरी भीती त्या कॉम्प्युटरची. ती कुठून आली हे मला अक्कांनी सांगितलं, कणीक मळत, आवाज खाली करून. मी यायच्या काही वर्षं आधी एका कारखान्यातून कुणीतरी पेनड्राइव्हमध्ये एक नमुना आणून दिला. मास्तरांनी तो लावला. दुसऱ्या दिवशी उघडून बघतात तर आयुष्यभराची नक्षी जागच्या जागी, नावं तीच, पण एकही उघडेना. उघडली तर पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"रडले न्हाईत," अक्का म्हणाल्या. "नुसतं हात असं धरून बसले. बोटं कापली गेल्यावानी."

काही नक्षी कारखानदारांकडून परत मिळाली, बरीचशी गेलीच. त्यानंतर हैदराबादचा पुतण्या सणाला आला होता. त्यानं एकाच कॉम्प्युटरात दोन ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या दोन व्यवस्था, बसवून दिल्या. भावाभावांत घराची वाटणी होते तशी डिस्कची वाटणी केली आणि मध्ये भिंत घातली. एका बाजूला जुनी विंडोज, कारण नक्षी काढायचा त्यांचा प्रोग्राम फक्त तिच्यावर चालायचा. दुसऱ्या बाजूला लिनक्स. मेल, बातम्या, लाइट बिल, सगळी बाहेरची ये-जा तिथून. मास्तरांनी ही नावं कधी घेतली नाहीत. ते म्हणायचे, "आतलं बिऱ्हाड" आणि "बाहेरचं बिऱ्हाड".

आतल्या बिऱ्हाडाला इंटरनेट ठाऊकच नव्हतं. नेट पकडणारं बोटाएवढं एक यंत्र कॉम्प्युटरला मागून खोचलेलं असायचं. आत जायचं असलं की मास्तर ते उपसून अक्कांकडे द्यायचे आणि अक्का ते तूरडाळीच्या डब्यात ठेवायच्या. मग मास्तर मोठ्यानं म्हणायचे, "आत जातोय." म्हणजे अक्कांनी आता मिक्सर लावायचा नाही, दाराची कडी वाजवायची नाही, मला हाक मारायची नाही.

बटण दाबल्यावर काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या. वरची ओळ बाहेरच्या बिऱ्हाडाची, खालची आतल्याची. शेजारी आकडे उतरत जायचे. आकडे संपेपर्यंत कुणी काही निवडलं नाही तर आपोआप वरचं दार उघडायचं. ते आकडे उतरत असताना मास्तरांचा चेहरा मी एकदा खिडकीतून पाहिला. माणूस रेल्वेचे रूळ ओलांडताना दोन्हीकडे बघतो तसे ते बघत होते. पटकन खालच्या ओळीवर जाऊन कळ दाबली आणि मगच श्वास सोडला.

आत कुणालाही प्रवेश नव्हता. अक्कांनाही नाही. नक्षी पूर्ण झाली की आधी घरातल्या छोट्या प्रिंटरवर कागद निघायचा, तोच सगळ्यांनी बघायचा. मग कारखान्याला नक्षी कोऱ्या सीडीवर जायची, आणि ती सीडी परत घरात यायची नाही.

एकदा दुपारी ते जिन्याखाली उभे राहून मला बोलवायला लागले. आवाज असा की मी जेवता जेवता उठले.

"मॅडम, तुमच्या घड्याळात किती?"

"तीन वाजत आलेत."

"बाहेरच्या बिऱ्हाडातबी तीन. आत गेलो तर सकाळचे साडेनऊ." त्यांच्या ओठांवर घाम होता. "आत कोणतरी बसलंय. वेळ मागं घेतंय."

खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. भरदुपारी, बंद खोलीत, एका डब्यात सकाळ अडकून पडली आहे असं वाटलं. शेवटी पुतण्याला फोन लावला. तो हसत सुटला. म्हणाला, कॉम्प्युटरच्या पोटात घड्याळ एकच असतं. बाहेरची व्यवस्था समजते की ते घड्याळ जागतिक वेळ दाखवतं आणि त्यात आपले साडेपाच तास मिळवते. आतली समजते की तीच इथली वेळ, म्हणून काही मिळवत नाही. एक ओळ लिहिली की दोन्ही जुळतील.

"नको," मास्तर घाईनं म्हणाले. "जुळवू नको. घड्याळं चुकलेली हायेत तवर समजायचं, दोघांची गाठ पडलेली न्हाय."

तेव्हापासून आत गेलं की आधी ते घड्याळ बघायचे, आणि ते चुकलेलं दिसलं की कामाला बसायचे.

अशा माणसाच्या छपराखाली राहिलं की भीती जिन्यावरून वर चढते. मी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर टिकली लावायला लागले. कुलूप लावून परत येऊन ओढून बघायला लागले. लॅबमध्ये फोन वाजला आणि नंबर अनोळखी असला तर उचलेनाशी झाले. आई म्हणायची, "अगं, सोलापुरात काय वाघ आहेत का?" वाघ दिसला असता तर बरं झालं असतं. मास्तरांची भीती न दिसणाऱ्याची होती, आणि तीच मला लागली होती.

मग त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते खरंच आलं.

मी लॅबमधून दुपारी परतले. रस्ता उन्हानं पांढरा पडला होता. अक्का घराबाहेर पायरीवर बसलेल्या, डोक्यावर पदर, पायांत चप्पल नाही. इतक्या उन्हात त्या कधी बाहेर बसत नसत.

"अक्का, काय झालं?"

त्यांनी माझं मनगट धरलं. "आत पोलीस हाय."

दारात गाडी नव्हती, बूट नव्हते. "कुठं आत?"

"फोनात," त्या म्हणाल्या. "कालपासनं हाय. जात न्हाय. यांना घरातच अटक केली म्हणतोय. कुणाला सांगितलं तर मलाबी नेणार म्हणतोय. तू बोलू नको. तू ऐकलंच न्हाईस."

मी दार ढकललं. खोलीत पंखा बंद होता. आवाज नीट यावा म्हणून बंद करायला लावला होता, हे नंतर कळलं. कॉम्प्युटर चालू, त्याच्या पुढं फुलपात्राला टेकून उभा केलेला फोन, आणि फोनच्या पडद्यावर खाकी वर्दीतला माणूस. खांद्यावर तारे, मागं झेंडा, टेबलावर फायली. मास्तर खुर्चीत ताठ. इस्त्रीचा शर्ट. काल सकाळपासून ते तिथंच होते. लघवीला जातानाही विचारून जात होते आणि फोन बरोबर नेत होते. घास पोटात नव्हता. पायाशी एक पिशवी भरून ठेवलेली: औषधं, पंचा, दात घासायचा ब्रश आणि घडी केलेली एक चादर. तुरुंगात न्यायला.

मी कॅमेऱ्यात येणार नाही अशी भिंतीला चिकटून उभी राहिले. मास्तरांनी मला पाहिलं. डोळ्यांनी नुसतं "जा" म्हणाले. मी गेले नाही.

मला वाटायला हवं होतं की हा खोटा आहे. तसं वाटलं नाही. वर्दी बघितली आणि मनात आलं, मास्तरांनी खरंच काही केलं असेल तर? हा माणूस उगाच इतका घाबरून राहिला असेल का इतकी वर्षं? फोनातला माणूस हिंदीत दरडावत होता. परदेशी निघालेल्या चादरींच्या एका गठ्ठ्यात अमली पदार्थ सापडले होते, गठ्ठ्यावर मास्तरांचं नाव होतं, चादरीवरची नक्षी मास्तरांची होती. आता त्यांच्या कॉम्प्युटरची तपासणी करायची होती. त्यासाठी मेलवर एक प्रोग्राम पाठवला होता, तो मास्तरांनी चालवायचा.

"चालत न्हाय, साब," मास्तर म्हणाले. "तीन-चार बार दबाया."

बाहेरच्या बिऱ्हाडात तो प्रोग्राम चालणार नव्हताच. लिनक्सला तो ओळखूच येत नव्हता.

पलीकडं कुजबुज झाली. मग वर्दीवाल्यानं विचारलं, "इसमें विंडोज नहीं है?"

मास्तरांना खोटं बोलता येत नसे. "हाय साब. अंदर हाय."

"तो उसमें जाइए. नेट लगाइए. अभी."

मास्तर उठले. नेटचं ते बोटाएवढं यंत्र त्यांनी कॉम्प्युटरच्या मागून उपसलं, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, आणि खालच्या ओळीवर जाऊन कळ दाबली. मी पहिल्यांदाच त्यांच्या आतल्या बिऱ्हाडाचा पडदा पाहिला. कोपऱ्यात घड्याळ सकाळची वेळ दाखवत होतं. आता फक्त यंत्र परत खोचायचं होतं.

त्यांनी ते खोचलं नाही. मुठीत धरून उभे राहिले. मूठ इतकी घट्ट की नखं पांढरी पडली होती.

"लगाओ!"

"न्हाय साब."

"क्या?"

"तितं नेट लागत न्हाय." ते आता मराठीतच बोलायला लागले, आवाज कापत होता. "काय पण सांगा, करतो. काल सांगितलं तसं बसलो, तसं उठलो. पण तितं न्हाय."

तो माणूस ओरडायला लागला. वॉरंट निघेल, बायकोला उचलून नेतील, घर सील होईल. प्रत्येक वाक्याला मास्तर मार बसल्यासारखे अंग चोरत होते. दारात अक्का येऊन उभ्या राहिल्या होत्या, पदराचा बोळा तोंडात.

मग मास्तर खाली वाकले आणि त्यांनी पिशवी उचलली.

"साब, मला जेलात घाला. मी तयार हाय. तुमी यायचं कष्ट घेऊ नका. आपल्या हितल्या पोलीस ठाण्यात मी चालत जातो, तितं हजर होतो. माझं नाव सांगून बसतो."

फोनातला माणूस एकदम थांबला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "नहीं, नहीं. थाने नहीं जाना है. घर से बाहर नहीं निकलना."

माझ्या डोक्यात त्या क्षणी काहीतरी खट्कन सुटलं. ठाण्यात येऊ नको म्हणणारा पोलीस? मी भिंत सोडली, दोन पावलांत पुढं गेले आणि फोन पालथा घातला. मग बंदच केला. धक्क्यानं फुलपात्र लवंडून पाणी टेबलावर पसरलं.

"मॅडम, काय केलं तुमी!" मास्तर म्हणाले. "आता लई वाढवतील."

"तो पोलीस नाही मास्तर."

त्यांना पटलं नाही. मला तरी पूर्ण कुठं पटलं होतं? पण त्यांनी ठाण्यात जातो असा शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मोडायचीही त्यांना भीती होती. ते निघाले. टोपी नाही, पिशवी हातात. मागं अक्का, मागं मी. उन्हात रस्ता मोकळा होता. प्रत्येक कोपऱ्यावर मला वाटत होतं, आता गाडी येईल, दार उघडेल. गल्लीतलं कुणी विचारलं, "मास्तर, गावाला का?" तर मास्तर म्हणाले, "हां."

ठाण्यात टेबलाशी एक पोलीसबाई बसल्या होत्या. मास्तर समोर उभे राहिले, पिशवी जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हात पुढं केले.

"मला अटक करा, बाई. कालपासनं केलेलीच हाय."

बाई उठल्या, स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्यांच्या हातात दिलं आणि खुर्ची ओढली. "काका, बसा आधी. कुणी अटक केली तुम्हाला? फोनवर?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये टोकलं नाही. शेवटी म्हणाल्या, "फोनवर अटक नसते काका. अशी अटकच नसते. तो प्रोग्राम चालला असता तर तुमचा कॉम्प्युटर त्यांच्या हातात गेला असता. मग बँक, घरातलं सगळं. तुम्ही नेट लावलं नाही म्हणून वाचलात." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चांगले शिकलेले लोक फसतात ह्यात. ह्यांनी धाडस केलं."

मास्तर पाण्याच्या बाटलीकडे बघत होते. "धाडस कुठलं, बाई," ते म्हणाले. "भीत्या दोन होत्या. मोठी होती तिचं ऐकलं."

घरी आल्यावर सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. मास्तरांनी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढली, त्यावर जुनी चादर टाकली आणि ते पलीकडच्या खोलीत जाऊन बसले. दिवस गेले, आठवडे गेले. कारखान्यातून निरोप यायचे, एक नक्षी अर्धी राहिली होती. ते म्हणायचे, "काम बंद हाय." दारात दुचाकी थांबली की उभे राहायचे. त्यांना त्या माणसाची भीती राहिली नव्हती, आताची भीती निराळीच होती.

"मी त्यांना सांगितलं की, आत काय हाय ते," एकदा मला म्हणाले. "आजपर्यंत कुणाला ठावं नव्हतं. मीच सांगितलं. आता ते बसलेत कुटंतरी. आत जायची वाट बघत."

मी रात्री कडी दोनदा बघत होते. त्यांना "घाबरू नका" म्हणायचा अधिकार मला नव्हता.

ते वाळत चालले. जेवण कमी, बोलणं कमी. बोटं मात्र चालायची. मांडीवर बसल्या बसल्या चौकटी मोजत राहायची.

एके दिवशी संध्याकाळी मी भाजी घेऊन आले तर अक्कांनी मला खुणेनं आत बोलावलं. कॉम्प्युटरवरची चादर त्यांनी काढली होती. वायर भिंतीत लावली होती. खुर्चीत स्वतः बसल्या होत्या, पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. चाळीस-एक वर्षांच्या संसारात त्यांनी त्या खुर्चीला फक्त फडकं लावलं होतं.

"अक्का, नको," मी म्हणाले. मला खरंच भीती वाटली. त्यांनी बटण दाबलं.

पडदा काळा झाला. दोन ओळी आल्या. आकडे उतरायला लागले.

अक्कांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी मान न वळवता पलीकडच्या खोलीकडे हाक दिली, आधी तेलुगूत, मग माझ्यासाठी असेल, मराठीत. "वरचं का खालचं?"

आकडे उतरतच होते.

"अहो! वरचं का खालचं? हे उतरायलंय!"

खाट करकरली. खालचं हे मला माहीत होतं, पण मी सांगितलं नाही.

"खालचं!" आतून आवाज आला, आणि मागोमाग मास्तर स्वतः, धोतराचा सोगा सावरत, चष्मा एकच. "खालचं! खालचं! बाणाची कळ!"

अक्कांनी कळ दाबली. खालचं दार उघडलं. मास्तर मागं उभे, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून. त्यांनी सांगितलं तिथं अक्कांनी दाबलं, आणि अर्धी राहिलेली नक्षी पडद्यावर पसरली. मोठं फूल, अजून पुरतं न उमललेलं.

अक्कांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हितं एक पाकळी कमी हाय," अक्का म्हणाल्या.

"कुटं?"

"ही. डावीकडची. ही असली की ह्या बाजूला पण पायजे."

मास्तरांनी वाकून बघितलं. चष्मा वर केला, खाली केला. "हाय की," ते म्हणाले. "कमी हाय."

अक्का खुर्ची द्यायला उठायला लागल्या. मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना परत बसवलं. कोपऱ्यातलं स्टूल ओढून शेजारी बसले.

"वद्दु," ते तेलुगूत म्हणाले, नको. मग, "तूच बस. मी सांगतो तितं दाब."

मी वर आले. अंधार पडेपर्यंत खालून त्यांचा आवाज येत होता, अजून जरा कापरा, "खाली... आनखी एक घर खाली... हां, तितं," आणि मधूनमधून अक्कांचा, "हितं का?"